पत्ता उजवीकडून वाचा

१९ मार्च २०१६ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी लढणाऱ्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गुगलच्या नावाने ईमेल आला: तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय, ताबडतोब बदला. मोहिमेतल्या तंत्रसाहाय्यकाने मेल खरा असल्याचे कळवले, सोबत गुगलची खरी लिंकही दिली. क्लिक मात्र झाले मेलमधल्याच लिंकवर. ऑक्टोबरपासून पोडेस्टांचे हजारो ईमेल गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स संकेतस्थळावर झळकू लागले.

मेलवर दिसणारे नाव हा पुरावा नव्हे. ईमेल पाठवण्याच्या १९८२ च्या एसएमटीपी नियमांत पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव खरे की खोटे, हे तपासायची सोयच नव्हती. पाकिटामागे कुणीही कुणाचाही पत्ता लिहावा, तसे. पुढे तपासण्या आल्या. मेल पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनने, म्हणजे पत्त्यातल्या ‘@’नंतरच्या नावाच्या मालकाने, नेमलेला आहे का, हे एसपीएफ पाहते. डीकेआयएम डिजिटल सही तपासते. डीमार्क या दोन्हींचा मेळ आपल्याला दिसणाऱ्या पत्त्याशी घालते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या.

पण भामट्याने स्वतःचेच डोमेन घेऊन रीतसर सही केली, तर तोही पास होतो. म्हणून पत्ता वाचता आलाच पाहिजे.

पोडेस्टांच्या मेलमधल्या आखूड लिंकमागे पत्ता दडला होता: ‘मायअकाउंट.गुगल.कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज.टीके’. डावीकडून वाचताना गुगल दिसते आणि माणूस निर्धास्त होतो. मालकी मात्र उजवीकडून ठरते. शेवटी ‘टीके’, म्हणजे प्रशांत महासागरातली टोकेलाऊ बेटे, त्याआधी ‘कॉम-सिक्युरिटीसेटिंगपेज’. ‘कॉम’पुढे टिंब नाही, आडवी रेघ आहे! नोंदवलेले डोमेन एवढेच. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो, अगदी ‘गुगल’सुद्धा.

‘भाषेतल्या चुका शोधा’ हा जुना सल्ला आता मला धोक्याचा वाटतो. एआयकडून शुद्ध, अदबशीर मराठी कुणालाही लिहून घेता येते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘.बँक.इन’वर न्यायला सांगितले. हे डोमेन फक्त बँकांनाच मिळते, त्यामुळे ओळख पटवणे सोपे झाले आहे. मात्र ‘बँक’च्या आधी टिंब आहे ना, हे पाहा, ‘अमुकबँक.इन’ हे अगदी वेगळे डोमेन, ते कुणाचेही असू शकते. आणि मेल कितीही खरा वाटला, तरी खाते उघडायचे ते बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा पत्ता स्वतः टाइप करून. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.