गहू ताटातून गेला तेव्हा

पुरणपोळीची कणीक नुसती मळून भागत नाही, ती तिंबावी लागते. तेलपाण्याचा हात लावत, आपटत, ताणत राहिलं की तिला तार येते आणि मग लिंबाएवढ्या गोळीत दुप्पट पुरण मावतं. ती तार म्हणजे ग्लुटेन. इटलीतल्या बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी यांनी अठराव्या शतकात कणकेचा गोळा पाण्याखाली धूत धूत त्यातला स्टार्च काढून टाकला आणि हाती उरलेला चिवट भाग वेगळा पदार्थ म्हणून नोंदवला. पोळीला जे हवं तेच काही माणसांच्या आतड्याला सोसत नाही, हे कळायला मात्र आणखी दोनशे वर्षं गेली.

हा सीलिॲक आजार तसा जुनाच. दुसऱ्या शतकाच्या आसपास कॅपाडोशियाच्या अरेटियस या ग्रीक वैद्याने अन्न न पचता तसंच बाहेर पडणाऱ्या, झिजत जाणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं आहे. पोटाला ग्रीकमध्ये ‘कोइलिया’ म्हणतात, त्यावरून पुढे ‘सीलिॲक’ आलं. आधुनिक वर्णन सॅम्युअल गी यांचं. १८८७ साली लंडनमधल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयात त्यांनी यावर व्याख्यान दिलं आणि पुढच्या वर्षी ते छापलं. रुग्ण बरा होणार असेल तर आहारानेच होईल, हे त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. पण त्यांचा आहार वाचला की आपण कपाळाला हात लावतो: तांदूळ आणि साबुदाणा नको, पण पातळ कापून दोन्ही बाजूंनी कडक भाजलेला पाव चालेल! मराठी घरात आजारी माणसाला जे आधी देतात तेच त्यांनी बंद केलं, आणि जे बंद करायचं ते ठेवलं. त्यांच्याच नोंदीत एक मूल आहे. रोज भरपूर डच शिंपल्या खाऊन ते बाळसं धरू लागलं आणि हंगाम संपल्यावर पुन्हा खंगलं. उत्तर समोर होतं, पण शिंपल्यांत काय आहे हे शोधलं गेलं. शिंपल्यांमुळे ताटातून काय गेलं, हे नाही.

हीच चूक केळ्यांच्या बाबतीत झाली. न्यूयॉर्कचे सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार मांडला. पाव, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद आणि केळी भरपूर. मुलं खरोखर सुधारली. श्रेय केळ्यांना मिळालं आणि कित्येक वर्षं मिळत राहिलं. मूल बरं झालं असं समजून घरच्यांनी पुन्हा पाव सुरू केला की दुखणं परत यायचं.

गव्हावर बोट ठेवलं ते विलेम कारेल डिके यांनी. हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयाचे हे डॉक्टर. त्यांची गोष्ट नेहमी अशी सांगतात: १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली, नेदरलँड्सचे लोक ट्यूलिपचे कंद आणि साखरबीट खाऊन जगले, शहर उपाशी असताना सीलिॲकची मुलं मात्र सुधारत गेली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. गोष्ट छान आहे, पण त्यामुळे डिके यांच्या आधीच्या मेहनतीवर अन्याय होतो. त्यांनी गव्हाविना आहाराचे प्रयोग युद्धाआधीच सुरू केले होते आणि १९४१ मध्ये त्यावर डच वैद्यक नियतकालिकात लिहिलंही होतं. दुष्काळाने त्यांचा संशय पक्का केला, जन्माला घातला नाही. १९५०च्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या प्रबंधात त्यांनी तो सविस्तर मांडला. मग वेयर्स आणि फान दे कामर या सहकाऱ्यांबरोबर मुलांच्या शौचातली चरबी मोजून दाखवली: गहू आणि राय हे युरोपातलं धान्य दिलं की चरबी वाढते, गव्हाचा नुसता स्टार्च दिला तर नाही. म्हणजे गुन्हेगार ती तारच. बर्मिंगहॅमच्या चमूनेही १९५२ मध्ये ग्लुटेनकडेच बोट दाखवलं.

पुढची पायरी आतड्याच्या आत डोकावण्याची. १९५४ मध्ये पॉली या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत घेतलेल्या तुकड्यांत आतड्याच्या अस्तराची झीज पाहिली. दोन वर्षांनी मार्गो शायनर यांच्या नळीमुळे पोट न उघडता तुकडा घेता येऊ लागला. निरोगी आतड्याला मखमलीसारखी लव असते. इथे ती सपाट झालेली दिसली. अन्न शोषायला जागाच उरत नाही, म्हणून जुलाब होतात. पण कधी फक्त लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पंडुरोग असतो, कधी मुलाची खुंटलेली उंची. ही ॲलर्जी नव्हे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. १९९७ मध्ये जर्मनीत तिचं लक्ष्य असलेलं टीटीजी हे एन्झाइम सापडलं आणि आजची टीटीजी रक्तचाचणी आली. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी: चाचणीआधी गहू सोडला तर निकाल फसवा येतो.

भारतात हा ‘गोऱ्यांचा आजार’ असा समज बराच काळ होता, जरी १९६६ मध्येच उत्तर भारतीय मुलांवरचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. २०११ साली दिल्ली परिसरातल्या पाहणीत साधारण ९६ जणांमागे एक रुग्ण आढळला. २०१६ मध्ये आलेला तीन प्रदेशांचा अभ्यास अधिक बोलका आहे. या आजाराची रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सापडली. आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे साधारण एक तृतीयांश लोकांत होती. मग फरक कशाचा? उत्तरेत माणशी रोजचा गहू ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. हिशेब जुळतो असं वाटतं तोच ईशान्य आडवं येतं: गहू ३७ ग्रॅमच, तरी प्रमाण बरंच. नुसत्या गव्हाने सगळं उलगडत नाही.

महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, पण आपलं ताट गेल्या दोन-तीन पिढ्यांत कुठून कुठे गेलं हे सांगायला पाहणी लागत नाही. देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात भात आणि नाचणी. पोळी सणाची, पाहुण्याची, जावयाची. १९५६च्या पीएल-४८० करारानंतर अमेरिकेचा गहू येऊ लागला, १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणं आलं, हरितक्रांती झाली, रेशनवर गहू स्वस्त झाला. भाकरी थापायला वेळ आणि हात लागतो. पोळी डब्यात मऊ राहते. त्यात ब्रेड, टोस्ट, खारी, शेवया, रवा आले. रवाही गव्हाचाच, हे रुग्णाच्या घरात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून विकला जातो, पण त्यातही ग्लुटेन आहे, आणि सीलिॲकच्या रुग्णाला तो चालत नाही.

‘सीलिॲक नाही, पण गहू सोसत नाही’ हा प्रकार वेगळा. त्याची नोंद १९७८ पासून आहे. मधल्या काळात ग्लुटेन सोडण्याची लाट आली. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाला या रुग्णांत ग्लुटेनचा त्रास दिसला; २०१३ मध्ये त्याच गटाने आतड्यात आंबणारी कर्बोदकं आधी कमी करून पाहिली, तेव्हा ग्लुटेनचा वेगळा परिणाम सापडला नाही. मला हे प्रामाणिक संशोधनाचं उत्तम उदाहरण वाटतं. २०१८च्या नॉर्वेतल्या चाचणीत ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान हा अशा आंबणाऱ्या कर्बोदकांतलाच एक प्रकार जास्त त्रासदायक निघाला, आणि तो कांदा-लसणातही असतो. त्रास खोटा नाही, आरोपी चुकीचा असू शकतो.

सीलिॲकमध्ये मात्र आरोपी ठरलेला आहे आणि सूट नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेननेही तीन महिन्यांत आतड्याला इजा झाली. एका पोळीत ते अडीच-तीन ग्रॅम असतं, म्हणजे पोळीचा पन्नास-साठावा तुकडाही पुरतो. म्हणून ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

मराठी स्वयंपाकघरात ही लढाई विचित्र जागी लढावी लागते. उपासाच्या दिवशी हा रुग्ण सर्वांत निर्धास्त: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. पारण्याच्या दिवशी धोका. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू असतात, मेतकुटातही बहुधा असतात. सातू म्हणजे जव, तोही नको. आणि हिंग! डबीतला बांधानी हिंग मैदा किंवा तांदळाचं पीठ घालून तयार करतात, त्यामुळे फोडणीपाशीच डबी उलटून बारीक अक्षरं वाचावी लागतात. सगळ्यांत मोठी अडचण गिरणीची. ज्वारी निवडून, धुऊन, उन्हात वाळवून नेली, तरी आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ जात्यात आणि पट्ट्यात बसलेलं असतंच. शेवटी घरचे हप्त्यावर घरघंटी घेतात. तिच्यात ज्वारी, तांदूळ, नाचणी, बेसनाची डाळ. शेजारणीने ‘माझे दोन किलो गहू काढून देता का?’ म्हटलं की नाही म्हणायचं, आणि का ते दर वेळी नव्याने समजावायचं.