हिमाचलात तंबू आणि ट्राउट : परवाना कुणाला, कुठून आणि कसा

डोंगरात नदीकाठी तंबू ठोकायचा, पहाटे गळ घेऊन पाण्याशी जायचं आणि आसपास चिटपाखरू नको. इच्छा साधी असली, तरी सरकारदरबारी तिचे दोन तुकडे होतात. पाण्यातला मासा मत्स्य विभागाचा, काठावरची जमीन बहुतेक वेळा वन विभागाची, आणि एकाचा कागद दुसऱ्याकडे चालत नाही. मासेमारीचा परवाना खिशात आहे म्हणून तिथे रात्र काढता येत नाही. मुक्कामाची परवानगी आहे म्हणून गळही टाकता येत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते.

हिमाचल प्रदेश डोळ्यासमोर ठेवून सांगतो, कारण ट्राउटची जुनी पाणी तिथे आहेत आणि परवान्याची पद्धतही रुळलेली आहे.

आधी नदी ठरवा, मग अर्ज

ट्राउट हा मूळचा इथला मासा नव्हे. इंग्रजांनी तो आधी काश्मिरात आणला आणि १९०९च्या सुमारास कुलूच्या बियास खोऱ्यात सोडला. आज गळवाल्यांच्या तोंडी असलेली पाणी म्हणजे कुलू जिल्ह्यातली तीर्थन आणि सैंज, बरोटची ऊहल, रोहडूकडची पब्बर आणि किन्नौरमधली बास्पा. पतलीकुहल, बरोट, धमवाडी आणि सांगला इथे मत्स्य विभागाची ट्राउट केंद्रं आहेत. माहिती काढायला हीच पहिली ठिकाणं.

शांतता हवी असेल तर मनाली रस्त्याला लागून असलेली बियास सोडून द्या. मासा मिळेलही, पण पाठीमागे हॉर्न वाजत राहतील. तीर्थनवर बंजार सोडून गुशैणीच्या वर सरकलात की गाड्या विरळ होतात. मात्र जितकं वर जाल तितकी संरक्षित क्षेत्राची हद्द जवळ येते. तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेलं. उद्यानात तंबू लावायला परवानगी मिळते, गळ टाकायला मिळत नाही. बरोटला ऊहलच्या पलीकडे नारगू अभयारण्य आहे आणि सांगल्याच्या पुढे रक्छम-छितकुल अभयारण्य. म्हणजे सगळ्यात एकांताची जागा आणि मासेमारीला खुली जागा या क्वचितच एक असतात. शोधायचा तो हद्दीच्या अलीकडचा शेवटचा पट्टा.

अभयारण्यात वर्षानुवर्षं मासेमारी चालत आलेली आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. कर्नाटकात कावेरीकाठी भीमेश्वरी, दोड्डमक्कली आणि गालीबोरे या शिबिरांत महासीरसाठी देशोदेशीचे गळवाले यायचे. वन्यजीव कायद्यावर बोट ठेवलं गेलं आणि तिथली मासेमारी थांबली.

परवाना कुणाला मिळतो

हौशी मासेमारीचा परवाना भारतीय आणि परदेशी, दोघांनाही मिळतो. परीक्षा नाही, अनुभवाचा दाखला नाही, हिमाचलचा रहिवासी असण्याची अट नाही. हा परवाना फक्त गळ आणि दोरीचा असतो. जाळ्याचा परवाना वेगळा आणि तो व्यावसायिक मच्छीमारांसाठी, त्या वाटेला पर्यटकाने जाऊ नये. परवाना व्यक्तीच्या नावाने निघतो. तुम्ही दमलात म्हणून तुमच्या परवान्यावर मेव्हण्याने गळ टाकलेला चालत नाही. चौघं टाकणार असाल तर चौघांचे चार परवाने.

ट्राउटच्या पाण्यात हंगाम १ मार्च ते ३१ ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विणीचा काळ, पूर्ण बंद. दिवाळीच्या सुट्टीचा बेत नोव्हेंबरात गेला की परवानाच मिळत नाही, तेव्हा आधी पंचांग बघा. जुलै-ऑगस्टमध्ये हंगाम कागदावर चालू असतो, पण पाणी गढूळ आणि अचानक चढणारं. काठावरचा तंबू तेव्हा जिवावर बेततो. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर. पाणी निवळलेलं असतं, गर्दी पांगलेली असते.

मत्स्य विभागाचा अर्ज

परवाना जवळच्या मत्स्य विभागाच्या कार्यालयातून किंवा ट्राउट केंद्रातून घ्यायचा. बरोबर आधार कार्ड किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो आणि शुल्काचे रोख सुटे पैसे ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा.

अर्जात नाव-पत्ता कुणीही भरतो. लक्ष द्यायचं ते नदी आणि तारीख या दोन रकान्यांकडे. नुसतं ‘तीर्थन’ लिहून मोकळं होऊ नका. कुठल्या गावापासून कुठल्या नाल्यापर्यंत, हे कर्मचाऱ्याला विचारा आणि जमलं तर त्याच्याकडूनच लिहून घ्या. त्याच खिडकीवर आणखी तीन गोष्टी विचारायच्या : दिवसाला किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या आतला सोडून द्यावा लागतो, आणि कुठलं आमिष चालतं. हे आकडे बदलतात, त्यामुळे गावातल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नये. परवाना हातात पडला की तारीख तिथेच वाचा. मग तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच्या खिशात ठेवा, तंबूतल्या सॅकमध्ये नको. काठावर येणारा मत्स्यरक्षक आधी कागद मागतो, गप्पा नंतर.

मुक्कामाची परवानगी

इथे जमिनीच्या मालकीवर सगळं ठरतं. शेत किंवा बाग खाजगी असेल तर मालकाची संमती पुरते. ती तोंडी न ठेवता दोन ओळी लिहून घेतलेली बरी. राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. त्याच्या कलम २६खाली आग लावणं, नियम मोडून मासे मारणं आणि पाण्यात विष कालवणं हे गुन्हे आहेत. अशा जागेसाठी विभागीय वन अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज करायचा : माणसं किती, तारखा कोणत्या, नेमकी जागा कुठली, स्वयंपाक कशावर. शेवटच्या प्रश्नाला ‘गॅस स्टोव्ह’ हे उत्तर असलं की अर्ज सोपा होतो. ‘शेकोटी’ लिहिलंत की अडलाच म्हणून समजा. याच कार्यालयात वनविश्रामगृहाचंही विचारून घ्या. कित्येक विश्रामगृहं नदीपासून हाकेच्या अंतरावर असतात आणि तिथे तंबूची यातायातच वाचते.

राष्ट्रीय उद्यानात रात्र काढायची असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे प्रवेश परवाना लागतो. ग्रेट हिमालयनचं मुख्यालय कुलूजवळ शमशीला आहे. तीर्थनच्या बाजूने जाणाऱ्यांना साईरोपाच्या परिक्षेत्र कार्यालयातूनही काम करता येतं. ओळखपत्र, फोटो, मार्ग आणि रात्रींचा तपशील द्यावा लागतो, आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा. भारतीय आणि परदेशी यांचं शुल्क वेगळं असतं. उद्यानात जाताना गळ खाली गावातच ठेवा. परवाना असलेला गळसुद्धा आत नसते प्रश्न ओढवून घेतो.

हाच बेत उत्तराखंडात, म्हणजे असी गंगा किंवा दोडीतालकडे करणार असाल तर दोन निर्णय माहीत हवेत. बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये मनाई केली. त्याआधी २०१५मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यात गंगेच्या वाळूवरची शिबिरं रोखली होती. तेव्हा दोडीतालचा मार्ग आखताना मुक्काम बुग्यालावर पडत नाही ना, ते उत्तरकाशीच्या वन कार्यालयात दाखवून घ्या.

क्रम असा ठेवा : आधी वन विभागाकडून जागा आणि तारखा पक्क्या करा, मग त्याच तारखांचा मासेमारी परवाना काढा. उलट केलंत तर परवान्याचे दिवस वन विभागाच्या उत्तराची वाट बघण्यात जातात. मुक्काम एखाद्या दिवसाने वाढवायचा झाला तर जुन्या परवान्यावर हाताने तारीख वाढवून चालत नाही, नवा काढावा लागतो. रविवारी आणि सरकारी सुट्टीला खिडकी बंद असते, म्हणून हे काम शुक्रवारीच उरकून घ्या.