राजघराण्यातल्या वधूचा गाऊन: पांढऱ्या रंगाआधी लेस आली

१९४७ च्या शरद ऋतूत लंडनमध्ये एक प्रश्न गाजत होता. राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाच्या गाऊनसाठी रेशीम काढणारे किडे नेमके कुठल्या देशाचे? युद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. किडे जपानी किंवा इटालियन निघाले असते, तर वधू शत्रूचं रेशीम नेसून वेस्टमिन्स्टर ॲबीत उभी राहिली असा बोभाटा झाला असता. गाऊनचे डिझायनर नॉर्मन हार्टनेल यांनी चौकशी करून खुलासा केला की किडे चिनी आहेत, तेही राष्ट्रवादी चीनमधले, म्हणजे मित्रपक्षातले. मग कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आज हे वाचून हसू येतं, पण प्रश्न फालतू नव्हता. ब्रिटिश राजघराण्यातलं लग्न ठरलं की गाऊन किती सुंदर आहे याच्या जोडीनं कापड कुणाचं, लेस कुणाची, काम कुणाच्या हाताला मिळालं, हेही विचारलं जातं. या प्रश्नाची मुळं व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात सापडतात. आणि त्या लग्नाची गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते.

ती अर्धी गोष्ट अशी: १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरियानं प्रिन्स अल्बर्टशी लग्न केलं, पांढरा गाऊन घातला आणि तेव्हापासून जगभरच्या वधू पांढरं घालू लागल्या. पांढऱ्याचा मान पहिल्यांदा तिचा नव्हे. १४०६ मध्ये इंग्लंडची राजकन्या फिलिपा पांढऱ्या रेशमात लग्नाला उभी राहिली होती. १५५८ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीनंही पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये पांढराच पोशाख निवडला, तोही पांढरा हा फ्रेंच राण्यांच्या सुतकाचा रंग असताना. पण हे अपवाद. राजघराण्यातल्या वधूनं श्रीमंती अंगावर मिरवायची, हीच रीत होती. व्हिक्टोरियाची चुलत बहीण शार्लट १८१६ मध्ये लग्नाला उभी राहिली ती रुपेरी जरीच्या पोशाखात. मेणबत्त्यांच्या उजेडात चमकावं म्हणूनच तसलं कापड.

व्हिक्टोरियानं मात्र जरीचा पोशाख नाकारला. ती स्वतः राज्यावर असलेली राणी होती. किरमिजी मखमलीचा, अर्मिनच्या फरची किनार असलेला राजझगा घालण्याचा तिला पूर्ण हक्क होता. तोही तिनं बाजूला ठेवला. डोक्यावर मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांचा गजरा आणि अंगभर लेस. माझ्या मते खरा निर्णय लेसचा होता. पांढरं सॅटिन हे त्या लेसखालचं अस्तर समजा, कारण रंगीत कापडावर ते नाजूक काम इतकं उठून दिसलं नसतं.

ही लेस डेव्हन परगण्यातली, तिथल्या होनिटन गावाच्या नावानं ओळखली जाणारी. काम झालं ते बीअर नावाच्या समुद्रकाठच्या गावात आणि आसपास (गावाच्या नावाचा पेयाशी संबंध नाही). दोनशेहून जास्त बायका कित्येक महिने त्यावर बसल्या होत्या. बाईच्या मांडीवर कडक भरलेली उशी, उशीवर नक्षीचा कागद, कागदावर टाचण्या आणि सुताला बांधलेल्या बारीक लाकडी काड्या. त्या काड्या एकमेकींवरून टाकत टाकत एक पान किंवा एक फूल विणायचं. अशी सुटी पानंफुलं जमली की मग ती जोडून मोठा पट्टा तयार करायचा. एकेका फुलात किती वेळ जात असेल याचा अंदाज त्यावरून यावा. काम पुरं झाल्यावर नक्षीचे कागद नष्ट केले गेले, दुसऱ्या कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून.

या बायकांना तेव्हा कामाची गरज होती, कारण यंत्रानं त्यांच्या पोटावर पाय आणला होता. जॉन हीथकोटनं १८०८ च्या सुमारास जाळी विणणारं यंत्र बनवलं. १८१६ मध्ये लफबरोमधल्या त्याच्या कारखान्यातली यंत्रं संतापलेल्या लोकांनी फोडली. तिथून उठून त्यानं बिऱ्हाड थाटलं ते डेव्हनमध्येच, टिव्हर्टन गावी! हातानं विणणाऱ्या बायका आणि त्यांचा धंदा बसवणारं यंत्र एकाच परगण्यात नांदत होते. गाऊनचं सॅटिन लंडनच्या स्पिटलफील्ड्समधलं. तिथल्या विणकरांचेही दिवस फिरले होते, कारण परदेशी रेशमावरची बंदी १८२६ मध्ये उठली आणि फ्रेंच माल आत आला. राणीनं दोन आजारी धंद्यांना एकाच गाऊनमध्ये उभं केलं, असं म्हणता येईल. धंदे त्यानं कायमचे बरे झाले नाहीत, पण राजघराण्याच्या लग्नात होनिटन लेस आणि देशी रेशीम हवंच, ही प्रथा पडली.

इंटरनेटवर व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचा ‘लग्नातला फोटो’ फिरत असतो. तो लग्नातला नाही. रॉजर फेंटननं तो १८५४ मध्ये काढला आणि त्यात राणी दरबारी पोशाखात आहे. १८४० च्या लग्नाची कल्पना लोकांना आली ती वर्तमानपत्रांतल्या वर्णनांवरून आणि चित्रांवरून. गाऊनपेक्षा राणीचा जीव लेसवर होता. ती तिनं पुढं आयुष्यभर वापरली, १८८५ मध्ये धाकटी मुलगी बिअॅट्रिसला लग्नात डोक्यावर घ्यायला दिली आणि १९०१ मध्ये दफन झालं तेव्हा लग्नातली तीच जाळीची ओढणी तिच्यासोबत गेली. डेन्मार्क-स्वीडनकडे अशीच एक आयरिश लेसची ओढणी १९०५ पासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. व्हिक्टोरियाची नात मार्गारेट हिच्यापासून ती तिची मुलगी इंग्रिड, इंग्रिडची मुलगी मार्गरेथे आणि २००४ मध्ये मार्गरेथेची सून मेरी हिच्यापर्यंत पोचली.

आता पुन्हा १९४७. कपड्यांवर रेशनिंग, त्यामुळे राजकन्येलाही कूपनं मोजावी लागत होती. सरकारनं जादा कूपनं मंजूर केली. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे देशभरातल्या बायकांनी आपापली कूपनं पाकिटात घालून राजकन्येला पाठवली. कूपनं दुसऱ्याला देणं बेकायदा असल्यानं ती सगळी परत करावी लागली. गाऊनवर अमेरिकेतून मागवलेले सुमारे दहा हजार मोती शिवले होते आणि नक्षीची कल्पना हार्टनेलना इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘प्रिमावेरा’ (वसंत) या चित्रावरून सुचली होती. फुलांनी भरलेला वसंत, राखेतून उठणाऱ्या लंडनमध्ये! लग्नाच्या सकाळी टियाराची, म्हणजे डोक्यावरच्या रत्नजडित छोट्या मुकुटाची, तार तुटली आणि जवाहिऱ्याला धावाधाव करून ती सांधावी लागली.

हार्टनेलच्या कारखान्याच्या खिडक्या तेव्हा पांढऱ्या रंगानं झाकल्या होत्या, कुणी डोकावू नये म्हणून. गुप्ततेचं हे वेड पुढं वाढतच गेलं. १९८१ मध्ये डायनाच्या गाऊनच्या वेळी डेव्हिड आणि एलिझाबेथ इमॅन्युएल पत्रकारांना चकवायला कचऱ्यात भलत्याच रंगाचे धागे टाकत. त्या गाऊनचा मागे लोळणारा सोगा पंचवीस फुटांचा होता. आखताना बहुधा सेंट पॉल्स कॅथीड्रलचा आवाका डोळ्यांपुढं असावा, घोडागाडीचा नसावा. वडिलांशेजारी त्या गाडीत बसून डायना आली आणि उतरली तेव्हा गाऊनचा टॅफेटा, म्हणजे कडक रेशमी कापड, चुरगळून गेला होता. सुरकुत्या जगानं टीव्हीवर पाहिल्या. मला तो गाऊन त्या सुरकुत्यांमुळेच लक्षात राहिलाय.

२०११ मध्ये केट मिडलटनच्या गाऊनसाठी रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या कारागिरांनी लेसची फुलं हातानं जोडली. कापड डागाळू नये म्हणून दर अर्ध्या तासानं हात धुवायचे, दर तीन तासांनी सुई बदलायची. २०१८ मध्ये मेगन मार्कलच्या पाच मीटरच्या ओढणीवर राष्ट्रकुलातल्या ५३ देशांची फुलं भरली होती. पूर्वी लेस कुठल्या गावाची हे पाहायचे, आता नक्षीत किती देश आले हे मोजू लागले. त्याच वर्षी राजकन्या युजिनीनं पाठ मुद्दाम उघडी ठेवलेला गाऊन निवडला. बाराव्या वर्षी झालेल्या मणक्याच्या शस्त्रक्रियेचा व्रण तिला झाकायचा नव्हता.

जुलै २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तिची बहीण बिअॅट्रिस हिचं लग्न विंडसरला मोजक्या माणसांत झालं. नवा गाऊन शिवलाच नाही. आजीनं, म्हणजे एलिझाबेथ राणीनं, १९६२ मध्ये एका चित्रपटाच्या प्रीमियरला घातलेला हार्टनेलचाच एक गाऊन पेटीतून निघाला. त्याला नव्या बाह्या लावल्या. डोक्यावर टियारा होता तोच, १९४७ च्या सकाळी तुटलेला.