धावल्यानं गुडघे झिजतात का?

‘चाळिशीनंतर धावू नका, गुडघ्याची वाटी झिजते.’ नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर फेऱ्या मारणाऱ्या बहुतेकांना हा मेसेज कधी ना कधी आलेला असतो. तो पटतोही, कारण धावणाऱ्यांचे गुडघे दुखतात हे खरंच आहे.

पण दुखणं वेगळं, झीज वेगळी. गुडघा म्हणजे टायर नव्हे; त्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जिवंत असते. तिला रक्तवाहिन्या नसतात. भार पडून सुटतो, तेव्हा सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. गुडघा-खुब्याचा झिजेचा संधिवात हौशी धावपटूंत ३.५ टक्के, तर बैठ्या लोकांत १०.२ टक्के आढळला. (स्पर्धात्मक धावपटूंत मात्र १३.३.) अर्थात वजन, जुनी दुखापत यांचाही यात वाटा असतो; धावणं म्हणजे औषध नव्हे.

मग दुखतं कशानं? बरेचदा भार एकदम वाढवल्यानं. आठवडाभर सपाट ट्रॅक आणि रविवारी थेट पांडवलेणीचा चढ! रोजचं अंतर आणि दुसऱ्या सकाळचं दुखणं वहीत लिहून पाहा, मेळ दिसू लागेल. दुखणं वाढतंय असं दिसलं तर अंतर कमी करा, तोवर पोहा किंवा सायकल चालवा. सूज आली, गुडघा अडकला किंवा लंगडावं लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.