पेजवर माणसं येतात, मग गेम विकला का जात नाही?

स्टीमवर, म्हणजे कम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर, स्वतःचा गेम टाकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“भाऊ, पेजवर रोज लोक येतात, पण विक्री नाही. किंमत पाडू का?” स्टीमवरची गेमची पेजं नीट करून देणं हे आमचं काम, आणि वरूड-मोर्शी पट्ट्यातल्या आमच्या ऑफिसात येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात अशी होते. फोन अमरावतीचा असो, नागपूरचा असो की पुण्याचा. दरवेळी तेच सांगण्यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून हे लिहून ठेवलं. काम सोपवण्याआधी एकदा नीट वाचा.

किंमतीला लगेच हात लावू नका. लाँचची सवलत संपली की पुढचे ३० दिवस दुसरी सवलत लावता येत नाही, त्यामुळे घाईत टाकलेला डाव परत घेता येत नाही. आधी स्टीमवर्क्समधला, म्हणजे गेम विकणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटवरचा, ट्रॅफिकचा तक्ता उघडा. तिथे दोन आकडे वेगवेगळे असतात: गेमचं चित्र किती जणांच्या नजरेसमोरून गेलं आणि त्यातले किती जण पेजवर आले. चित्र खूप जणांना दिसतंय पण पेजवर कोणी येत नाही, तर दोष कॅप्सूलचा, म्हणजे त्या छोट्या चित्राचा, नाहीतर टॅगचा, म्हणजे गेमचा प्रकार सांगणाऱ्या शब्दांचा. लोक पेजवर येऊन परत जातात, तर दोष पेजचा. आणि हे लोक आले कुठून तेही बघा. बॉटच्या, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भेटी त्यातच वेगळ्या दाखवलेल्या असतात. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या लिंकवरून आलेली कॉलेजची मित्रमंडळी कौतुकाने पेज बघतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचं स्टीमवर खातंसुद्धा नसतं. अशा भेटींवरून पेज वाईट ठरवू नका.

आता मुख्य गोष्ट. आमचा सगळ्यात जास्त वेळ एकाच कारणाने वाया जातो: तुम्ही आम्हाला गेम पाठवत नाही, निवडलेले फोटो पाठवता. त्यात एक मेन्यूचा असतो, एक नावाचा, दोन कथेच्या दृश्यांचे आणि एक सूर्यास्ताचा. दिसायला सगळे छान. पण अनोळखी माणसाला त्यातून एवढंही कळत नाही की या गेममध्ये आपण करायचं काय. ते कळलं नाही की तो निघून जातो. संत्र्याचा व्यापारी बगीच्याच्या फाटकावरून सौदा करत नाही, झाडावरचा माल बघतो.

एका ग्राहकाचं उदाहरण देतो. त्याच्या गेममध्ये रात्री ठराविक तास वीज येते आणि तेवढ्यात बगीच्याचं ओलीत करायचं असतं. कोणत्या ओळीला आधी पाणी द्यायचं, मोटर गरम झाली तर थांबायचं की नाही, हे ठरवणं हाच खेळ. पेजवरचा पहिला फोटो होता हिरव्या वावराचा, वर मोठ्या अक्षरात नाव. लोकांना वाटायचं, निवांत शेतीचा गेम आहे. काही जणांनी तसाच समजून विकत घेतला आणि परत केला. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. आम्ही बिल्ड, म्हणजे गेमची चालणारी प्रत, मागवून घेतली, मधल्या रात्रीची सेव्ह फाइल (तिथपर्यंत खेळून साठवलेला खेळ) उघडली आणि पहिला फोटो तिथला काढला: अर्धा बगीचा ओला, अर्धा कोरडा, कोपऱ्यात विजेची उरलेली मिनिटं, मोटरचा काटा लाल पट्ट्यात. खाली काही लिहावं लागलं नाही. फोटो सुंदर दिसावा म्हणून काटे आणि आकडे लपवून पाठवणारे बरेच असतात. तसं करू नका, गिऱ्हाईक त्यांच्यावरूनच खेळ ओळखतो.

हा आमचा हट्ट नाही. स्क्रीनशॉटमध्ये प्रत्यक्ष खेळच दिसावा, असा स्टीमचाच नियम आहे. किमान ५ स्क्रीनशॉट लागतात. त्यातले निदान ४ सगळ्या वयांसाठी योग्य अशी खूण केलेले ठेवा, कारण यादीत चित्रावर माऊस नेला की असेच फोटो फिरतात. ही खूण राहून गेलेली पेजं आम्हाला नेहमी दिसतात. कॅप्सूलवर “पुरस्कारप्राप्त” किंवा “५० टक्के सूट” लिहून मागू नका. सप्टेंबर २०२२ पासून तिथे चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं.

ट्रेलरलाही हेच लागू. पेज उघडलं की आधी तोच सुरू होतो. लोगो आणि काळ्या पडद्यावरची वाक्यं शेवटी न्या, पहिल्या क्षणापासून खेळणाऱ्याच्या हातात काय आहे ते दिसू द्या.

काही ग्राहक विचारतात, तुम्ही आधी गेम खेळण्याचे पैसे का लावता? कारण खेळल्याशिवाय कोणता क्षण दाखवायचा हे कळत नाही, आणि तो क्षण शोधणं हेच आमचं खरं काम आहे. चित्र काढून देणारे पुष्कळ मिळतील. आम्ही एका वेळी पेजवरची एकच गोष्ट बदलतो आणि तक्ता बघायला थांबतो, तेही याचसाठी. कॅप्सूल, ट्रेलर आणि किंमत एकदम बदलली तर फरक कशामुळे पडला हे कोणालाच सांगता येणार नाही. मधे तुम्हीही हात लावू नका, ही विनंती.

अजून रिलीज केला नसेल तर सगळ्यात चांगलं. “लवकरच येत आहे” पेज किमान २ आठवडे आधी लावावंच लागतं, पण आमचा सल्ला आहे की खेळ दाखवण्याजोगा झाला की लगेच लावा. विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, टाकणाऱ्याला रिलीजच्या दिवशी मेल जातो, आणि पुढे २० टक्के किंवा जास्त सवलत लावली की पुन्हा मेल जातो. आज न घेणारा माणूस असा हातात राहतो. रिलीजनंतर खेळलेल्यांना रिव्ह्यू लिहायला सांगा. १० रिव्ह्यू होईपर्यंत एकत्रित शेरा दिसत नाही.

काम देताना चालू बिल्ड, सुरुवातीची, मधली आणि शेवटाजवळची अशा तीन सेव्ह फाइल, आणि ट्रॅफिकचा तक्ता पाठवा. पासवर्ड पाठवू नका, स्टीमवर्क्समध्ये आम्हाला वापरकर्ता म्हणून जोडा, परवानगी फक्त पेजपुरती द्या. अर्धी रक्कम आगाऊ, दरपत्रक सोबत जोडलं आहे. इकडे दिवसा विजेचा भरवसा नसतो, म्हणून मोठ्या फाइल आम्ही रात्री उतरवतो. संध्याकाळपर्यंत लिंक आली तर सकाळी गेम खेळायला घेतो.