प्रजनन-संप्रेरकांची रक्ततपासणी

अंडाशय, वृषण आणि त्यांना कामाला लावणारी मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी यांचे काम रक्तावरून अजमावण्याची पद्धत. मराठवाड्यात बोलताना तिला ‘हार्मोनची टेस्ट’च म्हणतात. तालुक्याच्या गावी अनेकदा फक्त रक्त घेतात; तपासणी छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड किंवा त्याहून लांबच्या लॅबमध्ये होते.

पीयूषिकेचे एफएसएच हे संप्रेरक (हार्मोन) अंडाशयाला हाकते. चालता बैल फार हाकावा लागत नाही, थकला की हाकारा वाढतो. तसेच अंडाशय मंदावले की एफएसएच चढते आणि अंडाशयात तयार होणारे संप्रेरक इस्ट्रॅडिऑल उतरते.

हा आकडा वाचायचा तो पाळीच्या दिवसाशी जोडून. एफएसएच, एलएच (पीयूषिकेचेच दुसरे संप्रेरक) आणि इस्ट्रॅडिऑल साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासतात. नुसता डाग दिसला तो पहिला दिवस नव्हे. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला. अंडे सुटल्यावर अंडाशयात वाढणारे प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या सुमारे ७ दिवस आधी पाहतात. २८ दिवसांची पाळी असेल तर तो २१ वा दिवस, ३५ दिवसांची असेल तर २८ वा. सगळ्यांना २१ वा दिवस सांगणे चूकच. ‘पाळी कधी आली?’ याला ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ असे उत्तर आले, तर ते अचूक असते. कॅलेंडर पाहून तारीख फॉर्मवर लिहावी. तो रकाना कोरा राहिला तर रिपोर्ट अर्धा मुका होतो.

एएमएच या अंडाशयातल्याच संप्रेरकाची तपासणी कोणत्याही दिवशी चालते. त्यातून अंडाशयातील साठ्याचा अंदाज येतो, अंड्यांचा दर्जा कळत नाही. ते कमी आले म्हणून आपोआप दिवस जाणारच नाहीत, असे मुळीच नाही. केसांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन या जीवनसत्त्वाने काही निकाल बिघडतात, म्हणून त्या चालू असल्यास आधी सांगाव्यात.

मूल होत नाही म्हटले की चिठ्ठी आधी बाईच्या नावाने निघते. नवऱ्याची वीर्यतपासणी त्याच वेळी व्हायला हवी; गरज पडल्यास सकाळच्या रक्तातले टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरकही.

बीड जिल्ह्यात या तपासणीला वेगळेच महत्त्व आहे. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशवी शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवी गेली की पाळी थांबते, पण अंडाशये ठेवली असतील तर ती पुढेही काम करतात. तिशीतल्या अशा बाईला घाम फुटतो, अंगातून वाफा निघतात, तेव्हा मोजायला पाळीचा दिवसच नसतो. अंडे सुटण्याच्या सुमारासही एफएसएच चढते; म्हणून सोबत इस्ट्रॅडिऑल पाहतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. एफएसएच २५ mIU/mL च्या वर आणि इस्ट्रॅडिऑल खाली असेल, तर अंडाशये थकल्याची शंका बळावते आणि हाडांकडे लक्ष द्यावे लागते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली होती का, हे अनेकींना सांगितलेलेच नसते. ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड ट्रंकेत असेल, तर रिपोर्टसोबत तेही डॉक्टरांपुढे ठेवावे.