अरेथा चर्च सोडून गेलीच कुठे होती?

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते: प्रसिद्धीसाठी तिने देवाची गाणी सोडली आणि १९७२ मध्ये ‘अमेझिंग ग्रेस’ हा चर्चच्या गाण्यांचा अल्बम करून ती घरी परतली. ऐकायला छान, पण खरं नाही.

१९६० मध्ये ती कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे जॅझ-पॉप गाऊ लागली, तेव्हा तिच्या पाठीशी कोण होतं? डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, म्हणजे तिचे वडीलच. १९६७ मध्ये ती अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीकडे आली. निर्माता जेरी वेक्सलरने तिला पियानोवर बसवलं, आणि त्या ‘सोल’ प्रकारच्या गाण्यांमधून ऐकू येऊ लागलं ते चर्चच: एकीने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ. गायक ओटिस रेडिंगचं ‘रिस्पेक्ट’ हे गाणं तिने असंच आपलं करून टाकलं. मागे ओ द्यायला तिच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा.

आणि ते ‘परतणं’? ‘अमेझिंग ग्रेस’चं रेकॉर्डिंग: जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं एक चर्च, चर्चच्या गाण्यांचा गायक जेम्स क्लीव्हलंडचा गायकवृंद, दोन रात्री. तिथे वडील उठून बोलले, ते त्या रेकॉर्डवरच आहे: अरेथाने चर्च कधी सोडलंच नव्हतं.